आवक-काटा सॉफ्टवेअर, लातूर : लॉगच्या परवानग्यांच्या प्रकल्प नोंदी

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

काम कशामुळे आलं ते आधी लिहून ठेवतो. हे सॉफ्टवेअर एका शेतकरी उत्पादक कंपनीचं, आणि अशी कंपनी ही कंपनी कायद्याखालची कंपनी असते, सहकारी संस्था नव्हे. त्यामुळे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेला ऑडिट ट्रेलचा नियम तिलाही आहेच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद (म्हणजेच लॉग) राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. ऑडिटरलाही अहवालात लिहावं लागतं की सोय वर्षभर चालू होती का आणि तिच्यात छेडछाड झाली का. आमच्याकडे आवक, काटा, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब), शेतकऱ्याचं पेमेंट सगळं एकाच सॉफ्टवेअरात. म्हणून सीए साहेबांनी फोनवर सरळ विचारलं, "स्क्रीनवर लॉग बंद करायचं बटण नाही, ते दिसलं. पण मागून डेटाबेसमध्ये शिरून कोणी बंद केला तर?"

आजचं खरं उत्तर: करता येतो. सर्व्हरवर पोस्टग्रेस 16 हा डेटाबेस आहे, वर पायथन भाषेतलं जँगो 5.1, ज्यात ॲप लिहिलंय. सॉफ्टवेअर आमच्या हातात आलं तेव्हापासून ॲप एकाच लॉगिननं डेटाबेसला जोडलेलं आहे आणि सगळ्या टेबलांचं मालकही तेच लॉगिन. लॉगचं टेबलही त्यातच. म्हणजे जो पट्टी लिहितो तोच पट्टीच्या बदलाची नोंदही पुसू शकतो. कोडमध्ये लॉगच्या मॉडेलवर (टेबलाचं कोडमधलं रूप) डिलीट अडवलेलं आहे, ॲडमिनमधून बटणही काढलेलं आहे, पण हा सगळा बंदोबस्त पायथनच्या पातळीवरचा. एसक्यूएल इंजेक्शनची (ॲपमधून डेटाबेसला परस्पर हुकूम घुसवायची) एक फट सापडली किंवा सेटिंगची फाईल भलत्याच्या हाती लागली, की मग पायथनला विचारतंय कोण.

ठरवलं: लॉगचं संरक्षण कोडमध्ये नाही, डेटाबेसच्या परवानग्यांत करायचं. कोडला स्वतःचा लॉग खोडताच आला नाही पाहिजे.

13 नोव्हेंबर

रोलची (डेटाबेसमध्ये परवानग्या ज्यांच्या नावावर असतात त्या नावांची) मांडणी केली. नावं मुद्दाम मराठी ठेवली, म्हणजे सीए साहेबांना कागदावर दाखवताना भाषांतर करत बसायला नको.

'मालक' हा धंद्याच्या सगळ्या टेबलांचा मालक; त्याला लॉगिनच नाही. 'दफ्तर' हा फक्त लॉगच्या टेबलांचा मालक, वेगळ्या स्कीमात (टेबलांच्या कप्प्यात), त्यालाही लॉगिन नाही. 'आवक' हे ॲपचं रोजचं लॉगिन. 'नोंदक' हे लॉग लिहिण्यापुरतं दुसरं लॉगिन. 'वाचक' सीए साहेबांसाठी. आणि 'बांधकाम' हे मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवायचं लॉगिन, जे फक्त नवी आवृत्ती चढवताना वापरायचं. 'बांधकाम'ला 'मालक' होता येतं, 'दफ्तर' होता येत नाही.

नुसतं रिव्होक करून (परवानगी काढून घेऊन) भागत नाही, हे साथीदाराला समजावण्यात दुपार गेली. टेबलाच्या मालकाकडून डिलीट काढून घेता येतं, पण तो मालक असल्यानं पुढच्या ओळीत ते स्वतःलाच परत देऊ शकतो. म्हणून मालकीच हलवायला हवी. पोस्टग्रेस 16 मध्ये एक चांगली सोय आहे: रोलचं सभासदत्व देताना 'इनहेरिट' बंद आणि 'सेट' चालू असं वेगवेगळं देता येतं. म्हणजे 'बांधकाम' नुसतं जोडलं तर हातात काही नाही, मुद्दाम रोल बदलला तरच 'मालक' होतं. जँगोत हे कनेक्शनच्या ऑप्शनमध्ये एका ओळीत होतं, 4.2 पासून 'अझ्यूम रोल' आहे.

डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसबद्दल (पुढे बनणाऱ्या टेबलांना आपोआप लागणाऱ्या परवानग्या) इथेच टीप: हा नियम ज्या रोलच्या नावानं लिहाल त्याच रोलनं बनवलेल्या पुढच्या टेबलांना लागतो. सुपरयुजर (डेटाबेसमध्ये सगळंच करता येणारं लॉगिन) म्हणून बसून, रोलचं नाव न घालता लिहिला, तर तो सुपरयुजरनं बनवलेल्या टेबलांनाच लागेल आणि 'मालक'नं मायग्रेशनमधून बनवलेलं नवं टेबल ॲपला दिसणारच नाही. 'फॉर रोल मालक' हे शब्द हवेतच.

14 नोव्हेंबर

लॉग दोन प्रकारचे आहेत आणि आजपर्यंत दोन्ही एकाच टेबलात कोंबलेले होते. सगळ्या गोंधळाचं मूळ तेच.

पहिला, बदलाचा लॉग: पट्टीत वजन 48.60 क्विंटल होतं, 46.80 केलं. ही नोंद त्या बदलाबरोबरच जगायला किंवा मरायला हवी. डेटाबेसचा व्यवहार रोलबॅक झाला (फसून मागे घेतला गेला) तर बदल झालाच नाही, मग त्याची नोंदही राहता कामा नये. दुसरा, घटनेचा लॉग: चुकीचा पासवर्ड टाकला, परवानगी नसताना पेमेंटचं पान उघडायला गेला, व्यवहार मध्येच फसला. ही नोंद रोलबॅक झाला तरी राहिलीच पाहिजे. फसलेल्या प्रयत्नाची नोंद प्रयत्नाबरोबरच गेली तर लॉग ठेवून उपयोग काय? पोस्टग्रेसमध्ये स्वायत्त व्यवहार (मुख्य व्यवहार मागे गेला तरी टिकणारे) नाहीत, त्यामुळे दुसऱ्यासाठी वेगळं कनेक्शन लागणारच. वेगळं कनेक्शन आहेच तर वेगळं लॉगिन फुकटात मिळतं.

बदलाचा लॉग ट्रिगरनं, म्हणजे टेबलात बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो त्या फंक्शननं. फंक्शन 'दफ्तर'च्या मालकीचं, 'सिक्युरिटी डिफायनर', म्हणजे मालकाच्या परवानगीनं चालणारं. त्यामुळे ॲपच्या 'आवक' लॉगिनला लॉगच्या टेबलावर काहीच परवानगी लागत नाही, इन्सर्टसुद्धा (नवी ओळ टाकणं) नाही. फंक्शनला सर्च पाथ (टेबल कोणत्या स्कीमात आधी शोधायचं तो क्रम) पक्का बांधला आणि तात्पुरत्या टेबलांचा स्कीमा त्यात शेवटी टाकला. तो लिहिला नाही तर पोस्टग्रेस त्याला सगळ्यांत आधी धरतो, आणि कोणी त्याच नावाचं तात्पुरतं टेबल बनवून नोंद तिकडे वळवू शकतो.

18 नोव्हेंबर

चाचणी सर्व्हरवर खराखुरा बदल मिळाला. केंद्रानं 15 तारखेला या हंगामापुरतं 15 टक्के ओलाव्यापर्यंतचं सोयाबीन हमीभावानं घ्यायला परवानगी दिली. आधी मर्यादा 12 होती. हमीभाव 4,892 आणि बाजार त्याच्या खाली, त्यामुळे आज गोदामात चर्चा दुसरी नाही. व्यवस्थापकांना चाचणीच्या ॲपमध्येच मर्यादा बदलायला सांगितली. लॉगमध्ये आलेली ओळ अशी:

टेबल: सेटिंग. काम: बदल. आधी: ओलावा 12. नंतर: ओलावा 15. सांगितलेलं नाव: व्यवस्थापक. दिसलेलं नाव: आवक. कुठून: रिकामं.

यातले शेवटचे तीन रकाने नीट समजून घ्यायचे आहेत. डेटाबेसला माणूस दिसत नाही, दिसतं ते लॉगिन, आणि ते सगळ्यांचं एकच. शिवाय सिक्युरिटी डिफायनर फंक्शनच्या आत 'करंट युजर' म्हणजे फंक्शनचा मालक होतो. खरं लॉगिन हवं तर 'सेशन युजर' वाचायचा. माणसाचं नाव ॲप सांगतं: प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला सेट-कॉन्फिगनं नाव ठेवायचं, ट्रिगर ते उचलतो. पण ॲप खोटंही सांगू शकतं. म्हणून 'सांगितलेलं' आणि 'दिसलेलं' हे रकाने वेगळे ठेवले, एकात मिसळले नाहीत. साथीदार म्हणाला एकच रकाना वाचायला सोपा. सोपा आहे, पण सांगोवांगीला पुरावा म्हणून ठेवणारा लॉग मला नको. 'कुठून' रिकामं आलं कारण ॲप आणि डेटाबेस एकाच मशीनवर सॉकेटनं (नेटवर्कशिवाय) बोलतात. एखाद्या दिवशी तिथे आयपी पत्ता दिसला, तर कोणीतरी सॉकेट सोडून दुसऱ्या वाटेनं आत आलंय, एवढं नक्की.

नाव ठेवताना ते व्यवहारापुरतंच ठेवायचं, सेशनभर नाही. जँगो कनेक्शन उघडी ठेवून परत वापरतं. सेशनला चिकटलेलं नाव पुढच्या माणसाच्या विनंतीत तसंच राहील आणि काटेवाल्याच्या नावावर व्यवस्थापकाचा बदल चढेल. पण व्यवहारापुरतं ठेवायचं तर व्यवहार उघडा हवा. ऑटोकमिटमध्ये (प्रत्येक स्टेटमेंट हाच वेगळा व्यवहार) ते त्याच एका स्टेटमेंटपुरतं टिकतं. म्हणून 'ॲटॉमिक रिक्वेस्ट्स' (पूर्ण विनंती एकाच व्यवहारात) चालू केलं. नाव रिकामं असेल तर ट्रिगर नोंद करण्याऐवजी एरर देतो.

19 नोव्हेंबर

त्या एररवरून गोदामात वाद. व्यवस्थापकांचं म्हणणं, "लॉग लिहिता नाही आला म्हणून काटा बंद? अहो, औसा रोडपस्तोर ट्रॅक्टरची रांग लागंल. शेतकरी मला सोडतील व्हय?"

त्यांचं चुकीचं नाही. दुपारी दोनला, हमाल खोळंबलेले असताना, स्क्रीनवर लाल एरर हा विनोद नाही. शेवटी विभागणी केली. काट्याचं वजन हे मोजमाप आहे, ते आधी स्थानिक फाईलमध्ये उतरतं, डेटाबेस नसला तरी पावती निघते. ती वाट तशीच ठेवली. पट्टी, पेमेंट, सेटिंग यांत मात्र नोंद नाही तर बदल नाही. घटनेचा लॉग अडला तर काम अडवायचं नाही, ओळ सर्व्हरच्या जर्नलमध्ये टाकायची आणि मला मेसेज यायला हवा. व्यवस्थापक म्हणाले, "पट्टीचं अडलं तर चालतंय, पट्टी संध्याकाळी बी होती." मिटलं.

20 नोव्हेंबर

मतदान. गोदाम बंद, आम्हीही.

22 नोव्हेंबर

'नोंदक' लॉगिनचं काम. त्याला घटनेच्या टेबलावर फक्त इन्सर्ट दिलं. वाचायचं नाही, बदलायचं नाही, पुसायचं नाही. जँगोत दुसरं कनेक्शन जोडलं, जँगोच्या राऊटरनं (कोणतं मॉडेल कोणत्या कनेक्शनवर ते ठरवणारा भाग) लॉगचं मॉडेल तिकडे वळवलं, मॉडेलला 'मॅनेज्ड' बंद, कारण हे टेबल मायग्रेशननं नाही तर हातानं बनणार. पहिलीच ओळ लिहिली आणि 'परमिशन डिनाइड फॉर टेबल घटना'. इन्सर्ट दिलेलं असताना!

पोस्टग्रेसचा लॉग उघडून नेमकं स्टेटमेंट पाहिलं. इन्सर्टच्या शेपटाला 'रिटर्निंग आयडी' लावलेलं होतं. आपोआप वाढणाऱ्या आयडीचा आकडा परत मिळावा म्हणून जँगो स्वतःहून ते लावतं. आणि रिटर्निंगमध्ये जे रकाने येतील त्यांवर सिलेक्ट परवानगी लागते, कारण ते वाचणंच आहे. एरर इन्सर्टचा नव्हता, वाचण्याचा होता, पण संदेशात तसं काही लिहून येत नाही. 

वाटा दोन. एक, फक्त आयडी रकान्यावर सिलेक्ट द्यायचं. रकान्यापुरती परवानगी देता येते आणि आयडी वाचून कोणाचं काही बिघडत नाही. दोन, आयडी पायथनमध्येच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब आयडी) म्हणून बनवायचा, मग परत मागायचं काही उरत नाही. दुसरी घेतली. 'नोंदक'च्या परवानग्यांच्या रकान्यात एकच अक्षर दिसावं असं मला वाटत होतं. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला हुकूम द्यायचं साधन) यादीत इन्सर्टला 'ए' अक्षर आहे, ॲपेंडमधलं. सिलेक्टला 'आर', अपडेटला 'डब्ल्यू', डिलीटला लहान 'डी', ट्रंकेटला (टेबल एकदम रिकामं करणं) मोठा 'डी'. आता तिथे नुसता 'ए' आहे. सीए साहेबांना दाखवायला यापेक्षा छोटा पुरावा नाही.

वेळेचा रकाना डेटाबेसनं भरायचा आहे, पण जँगोच्या 'डीबी डिफॉल्ट'नं नाही. तसा जाहीर केलेला रकानाही जँगो 5 रिटर्निंगमध्ये मागतं आणि पुन्हा तीच एरर. मॉडेलमध्ये तो रकानाच ठेवला नाही. टेबलात डिफॉल्ट आहे, तेवढं पुरे.

जुन्या टेबलावर 'सिरियल' (आपोआप वाढणारा आयडी) होतं, त्याला सीक्वेन्सवर (पुढचा आकडा देणारा मोजक) वेगळी यूसेज परवानगी लागते. लोक वैतागून सीक्वेन्सवर 'ऑल' देऊन मोकळे होतात. त्यात अपडेट येतं आणि अपडेट असलं की आकडा मागे फिरवता येतो. आयडेंटिटी रकान्याला (आपोआप वाढणाऱ्या आयडीचाच दुसरा प्रकार) ही वेगळी परवानगी लागत नाही. बदलाच्या टेबलात तोच ठेवला.

आणखी एक: रूट लॉगरचा हँडलर (ॲपच्या सगळ्या नोंदी जिथून बाहेर पडतात ती वाट) डेटाबेसला जोडला आणि डीबग चालू राहिलं, तर जँगो स्वतःच्या क्वेरीही लॉग करतं, लॉग लिहायला क्वेरी, क्वेरीचा लॉग, त्याला पुन्हा क्वेरी. 'जँगो डीबी बॅकएंड्स' या लॉगरचं प्रोपगेशन (नोंदी वर पाठवणं) बंद.

27 नोव्हेंबर

आजचा विषय मला सगळ्यांत जास्त टोचत होता: लॉगमध्ये काय जातंय.

शेतकऱ्याच्या टेबलात बँक खातं आणि आधार. ते पान काटेवाल्याला दिसत नाही, व्यवस्थापकांनाही खात्याचे शेवटचे चार अंकच दिसतात. पण ट्रिगर 'आधीची पूर्ण ओळ, नंतरची पूर्ण ओळ' जेसनमध्ये (मजकुराच्या रूपात) उतरवतो, म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. ज्याला टेबल वाचता येत नाही त्याला लॉग वाचून तेच मिळतं. ट्रिगरमध्ये ते दोन रकाने जेसनमधून वजा केले आणि त्यांच्या जागी शेवटचे चार अंक ठेवले. खातं बदललं हे दिसतं, पूर्ण आकडा दिसत नाही.

मग पोस्टग्रेसचा स्वतःचा लॉग. तिथे 'लॉग स्टेटमेंट' हे 'मॉड' वर होतं, म्हणजे प्रत्येक इन्सर्ट-अपडेट फाईलमध्ये. पॅरामीटरची (क्वेरीसोबत वेगळी पाठवलेली मूल्यं) लांबी शून्य करून मूल्यं झाकता येतात, ही सोय 13 पासून आहे, पण आमच्याकडे तिचा उपयोग नाही: जँगो सायकॉपजी 3 या पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लायब्ररीबरोबरही डिफॉल्टनं मूल्यं आपल्याच बाजूला क्वेरीत भरून पाठवतं. सर्व्हरला पॅरामीटर दिसतच नाहीत, सगळं स्टेटमेंटच्या मजकुरातच. म्हणून सर्व्हरभर 'डीडीएल' (फक्त रचनेतले बदल) ठेवलं आणि आवक, नोंदक या लॉगिनना 'नन' (काहीच नाही). हे सुपरयुजरनंच लावायचं असतं, ॲपला स्वतः बदलता येत नाही. तेच हवं होतं.

एवढ्यानं संपत नाही. फसलेलं स्टेटमेंट एररसोबत फाईलमध्ये जातंच, आणि बंधन मोडलं तर तपशिलात 'ही ओळ बसली नाही' म्हणून पूर्ण ओळ छापली जाते, खात्यासकट. एररचा तपशील 'टर्स' (त्रोटक) केला. स्टेटमेंटचा मजकूर ॲपच्या लॉगिनपुरता बंद केला. कोणती क्वेरी फसली ते घटनेच्या लॉगमध्ये ॲप स्वतः लिहितं, मूल्यं गाळून.

ती फाईल वाचू कोण शकतं? उबुंटूवर (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) ती 'एडीएम' गटाला वाचता येते, आणि उबुंटू बसवताना तयार झालेला पहिला वापरकर्ता आपोआप त्या गटात असतो. आमच्याकडे तो वापरकर्ता नेटवर्क जोडून दिलेल्या माणसाकडे अजूनही चालू होता. बंद केला.

3 डिसेंबर

सीए साहेबांचं 'वाचक' लॉगिन. टेबल दिलं नाही, व्ह्यू (टेबलातलं ठरावीक तेवढंच दाखवणारी यादी) दिला. व्ह्यू त्याच्या मालकाच्या परवानगीनं वाचतो, म्हणून 'वाचक'ला खालचं टेबल बंदच राहतं. (15 पासून 'सिक्युरिटी इन्व्होकर' लावून उलटही करता येतं. इथे ते नको.)

संध्याकाळी त्यांचा फोन. "यादीत मधले आकडे नाहीत. बिलबुकात मधलं पान फाटलेलं दिसलं तर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो." प्रश्न अगदी बरोबर, पण सीक्वेन्स तसा चालत नाही. आकडा घेतला आणि व्यवहार रोलबॅक झाला तर आकडा परत जात नाही, तिथे कायमची फट राहते. फट म्हणजे पुसलेली ओळ नव्हे. आणि उलट, फट नाही म्हणून काही पुसलं नाही असंही नाही; ओळ तीच ठेवून आतला मजकूर बदलता येतोच.

सलग आकडा देणारं टेबल करता आलं असतं, पण प्रत्येक नोंदीला कुलूप लागतं आणि तरीही मजकुराचा प्रश्न सुटत नाही. त्याऐवजी: रोज रात्री दिवसभराच्या नोंदी क्रमानं घेऊन त्यांचा एसएचए-256 (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठशासारखा आकडा) काढायचा, त्यात आदल्या दिवसाचा आकडा मिसळायचा, आणि तो सीए साहेबांच्या मेलवर पाठवायचा. सुपरयुजरला काहीही करता येतं, मलाही येतं, ते कोणत्याही परवानगीनं थांबत नाही. पण कालचा आकडा दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये पडलेला आहे. मार्चमध्ये नोव्हेंबरची ओळ बदलली तर आकडा जुळणार नाही. त्यांना पटलं. रोजच्या मेलला मात्र "आणखी एक मेल" म्हणून कुरकुर केलीच.

10 डिसेंबर

किती दिवस ठेवायचं. हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे 8 वर्षं, बदलाचा लॉग त्यांच्याबरोबरच. घटनेच्या लॉगला सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतले 180 दिवस हे किमान धरलं, आम्ही एक वर्ष ठेवतोय.

घटनेचं टेबल महिन्याप्रमाणे पार्टिशन केलं (तुकडे पाडले). जुना महिना काढायचा तर डिलीट नाही, पूर्ण पार्टिशन सोडवायचं, आणि ते फक्त 'दफ्तर'ला जमतं. 'नोंदक'ची परवानगी मुख्य टेबलावरच. तिथून लिहिताना पार्टिशनची परवानगी तपासली जात नाही, त्यामुळे नव्या महिन्याच्या तुकड्यावर काही द्यावं लागत नाही. कोणत्याच तुकड्यात न बसणाऱ्या ओळींसाठी डिफॉल्ट पार्टिशनही ठेवलं.

बदलाच्या टेबलाला पार्टिशन नाही. तिथे नोंद अडली तर पट्टी अडते; नव्या महिन्याचा तुकडा बनवायची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चुकली म्हणून 1 तारखेला पेमेंट बंद, हा धोका घेण्याएवढा डेटाच नाही.

17 डिसेंबर

परवानग्यांची चाचणी. जँगोच्या टेस्ट इथे कामाच्या नाहीत: टेस्टचा डेटाबेस टेस्टवालं लॉगिन स्वतः बनवतं, म्हणजे तेच मालक, त्याला सगळं जमतं. टेस्ट हिरव्या येतात आणि सिद्ध काहीच होत नाही. वेगळी स्क्रिप्ट लिहिली, जी एकेका लॉगिननं खऱ्या रचनेला जोडते आणि वाईट कामं करून बघते. प्रत्येक काम फसलं तरच पास.

यादीत साध्या अपडेट-डिलीटपेक्षा आडवाटाच जास्त घातल्या. ट्रंकेट, कारण ती वेगळी परवानगी आहे आणि ओळीवरचा डिलीट ट्रिगर त्यावर चालत नाही. 'डिसेबल ट्रिगर', जे फक्त टेबलाच्या मालकाला जमतं. 'सेशन रेप्लिकेशन रोल' हे 'रेप्लिका' करणं, ज्यानं सगळे साधे ट्रिगर एका झटक्यात झोपतात. ते सुपरयुजरपुरतं आहे, पण 15 पासून कोणालाही देता येतं, म्हणून कोणी दिलेलं नाही ना ते तपासायचं. लॉगच्या स्कीमात नवं फंक्शन बनवणं. 'दफ्तर' रोल घेणं.

एक भोक उरलं होतं: 'बांधकाम' लॉगिन 'मालक' होऊन पट्टीवरचा ट्रिगर बंद करू शकतं. ते पूर्ण अडवता येत नाही, नाहीतर मायग्रेशन चालणार नाहीत. म्हणून सुपरयुजरनं इव्हेंट ट्रिगर लावला: कोणतंही 'ऑल्टर टेबल' झालं की त्याची नोंद 'दफ्तर'मध्ये. ट्रिगर काढूनच टाकला तर ते दुसऱ्या इव्हेंटमध्ये येतं, त्याला वेगळं फंक्शन लिहिलं. आता बंद करता येतो, पण गुपचूप नाही.

24 डिसेंबर

खऱ्या सर्व्हरवर चढवलं, काटा बंद झाल्यावर रात्री. मालकी हलवणं, परवानग्या, ट्रिगर, शेवटी स्क्रिप्ट. जुनं एकत्र लॉगचं टेबल तसंच ठेवून 'दफ्तर'कडे दिलं, फक्त वाचायला.

30 डिसेंबर

येळवस (वेळ अमावास्या, शेतात साजरा होणारा सण). लातुरात आज कोणी फोन उचलत नाही, सर्व्हर सोडून सगळे शेतात. रात्री मेल बरोबर गेला.

2 जानेवारी 2025

व्यवस्थापकांची पहिली मागणी आली. एका शेतकऱ्याच्या पट्टीत 90 कट्ट्यांऐवजी 900 पडले, लगेच दुरुस्तही केले, पण लॉगमध्ये दोन्ही ओळी दिसतात. "संचालक मंडळाच्या मीटिंगला ही यादी जाणार हाय. तेवढी एक ओळ काढून टाका की राव." म्हटलं, मला काढता येणार नाही. ते हसले, "तुमीच तर बनवलंय."

पट्टी बदलताना 'कारण' हा रकाना टाकायचं ठरलं. तो ट्रिगरमध्येच येईल आणि 900 च्या शेजारी 'टायपिंग' असं दिसेल. जुन्या ओळीला कारण जोडता येणार नाही, त्यासाठी शेरा म्हणून नवी ओळ टाकायची. ते बघून म्हणाले, मग ठीक हाय.

7 जानेवारी

बॅकअपमधून परत उभं करून बघितलं, वेगळ्या मशीनवर. डेटा सगळा आला. स्क्रिप्ट मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीवर नापास.

कारण: पीजी-डंप (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) एका डेटाबेसचा असतो, रोल त्यात येत नाहीत. नव्या मशीनवर 'मालक', 'दफ्तर' कोणीच नव्हतं. मालकी आणि ग्रँटच्या (परवानगी देणाऱ्या) ओळी फसल्या, शेवटी 'इतक्या एरर दुर्लक्षित' एवढं सांगून रिस्टोअर पूर्ण झालं, आणि सगळी टेबलं रिस्टोअर करणाऱ्याच्या नावावर. खरा सर्व्हर पडलेला असता तर या घडीला कोणीही पहिल्यांदा ॲप चालू करायला बघितलं असतं, आणि ॲपच्या लॉगिनला सगळं देऊन टाकलं असतं.

रोजच्या बॅकअपमध्ये पीजी-डंपऑलचा 'ग्लोबल्स' भाग जोडला. रोल आणि लॉगिननुसार लावलेली सेटिंगं त्यातच येतात. त्या फाईलमध्ये पासवर्डचे हॅशही असतात, म्हणून ती एन्क्रिप्ट करूनच मशीनबाहेर जाते. रिस्टोअरचा क्रम कागदावर लिहिला: आधी ग्लोबल्स, मग डेटा, मग परवानग्यांची स्क्रिप्ट, ती पास झाल्यावरच ॲपचं लॉगिन चालू. त्या क्रमानं पुन्हा केलं, पास.

बाकी: 'कारण' रकाना. सुपरयुजरचं लॉगिन फक्त त्याच मशीनवरून आहे, पण सुडो (मशीनवरचे पूर्ण अधिकार) कोणाकोणाकडे याची यादी सीए साहेबांना द्यायची. मेल सलग दोन रात्री गेला नाही तर मला फोन वाजावा, हेही राहिलंय.